मण्यार, फवारा आणि छातीतली ग्रंथी

अकोल्याहून वाशीमकडे निघालं की डोंगर सुरू होतात त्या तोंडाशीच पातूर लागतं. पावसाळ्यात इथल्या शेतशिवारात सगळ्यात जास्त धास्ती असते ती मण्यारीची. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा चावल्याची जागाही सापडत नाही. सूज नसते, रक्त नसतं. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, थुंकी गिळवत नाही आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच हरतात. तोवर माणूस शुद्धीवर असतो. त्याला सगळं ऐकू येतं, पण डोळे उघडून पाहता येत नाही.

त्याच दिवसांत कपाशीवर फवारणी चालते. २०१७ च्या हंगामात वऱ्हाडातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा ही गोष्ट राज्यभर पोचली. वऱ्हाडातल्या दवाखान्यांना मात्र हे रुग्ण नवे नव्हते. तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथरणारे आणि मग लुळे पडणारे स्नायू ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांची लक्षणं इथल्या परिचारिकाही दारातून ओळखतात.

तिसरा एक आजार आहे. त्यात ना साप असतो ना फवारा. सकाळी ठीक असलेल्या बाईची पापणी संध्याकाळपर्यंत खाली येते, एकाचे दोन दिसतात. भाकरी चावता चावता जबडा थकतो, केस विंचरताना हात खाली येतो. झोप झाली की पुन्हा बरं वाटतं. त्यामुळे घरचे म्हणतात, अशक्तपणा आहे. कुणी म्हणतं, कामाचा कंटाळा आहे. या आजाराचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. तरुण स्त्रियांमध्ये आणि साठीपुढच्या पुरुषांमध्ये तो अधिक दिसतो. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो तेव्हा या रुग्णांचे हाल वाढतात, कारण उष्णतेत त्यांचे स्नायू लवकर थकतात.

मण्यार, फवारा आणि हा आजार, तिघांचा घाव एकाच जागी बसतो. मज्जातंतूचं टोक आणि स्नायू यांच्यामध्ये मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाइतकी फट असते. मज्जातंतू तिच्यात असिटिलकोलिन नावाचं रसायन सोडतो, स्नायूवरचे ग्राहक ते पकडतात आणि स्नायू आकसतो. काम झालं की एक विकर त्या रसायनाचे तुकडे करून फट मोकळी करतं. फवाऱ्यातलं विष हे विकर बंद पाडतं, म्हणून रसायन साचत जातं. मण्यारीच्या विषाचा मुख्य मारा मज्जातंतूच्या टोकावर असतो, म्हणून रसायन सुटणंच थांबतं. मायस्थेनियात रसायन व्यवस्थित सुटतं, पण ते पकडणारे ग्राहक पुरेसे उरलेले नसतात. त्यांचा नाश शरीर स्वतःच करतं, आणि त्या नाशाची पाळंमुळं पुष्कळ रुग्णांत छातीच्या मधल्या हाडामागे लपलेल्या थायमस ग्रंथीत असतात. एवढं एक वाक्य सिद्ध व्हायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ तीन शतकं लागली.

इंग्लंडच्या थॉमस विलिस या वैद्याने १६७२ मध्ये अशा एका बाईची नोंद केली. ती थोडा वेळ नीट बोलायची, मग बोलता बोलता तिचा आवाज पूर्ण बंद व्हायचा आणि काही तासांनी परत यायचा. पुढे दोनशे वर्षं कुणी त्या नोंदीकडे वळलं नाही. १८७९ मध्ये जर्मनीत विल्हेल्म एर्ब आणि १८९३ मध्ये वॉर्सात सॅम्युअल गोल्डफ्लाम यांनी आजाराचं चित्र नीट मांडलं. बर्लिनच्या फ्रीड्रिख योलींनी १८९५ मध्ये विजेच्या झटक्यांनी स्नायू पुन्हा पुन्हा आकसायला लावून तो कसा थकत जातो ते दाखवलं. आज नागपूर-मुंबईत या आजारासाठी जी विद्युत तपासणी होते, तिचं मूळ योलींच्या त्या प्रयोगात आहे. शवविच्छेदनात मात्र मेंदू धडधाकट, मज्जारज्जू धडधाकट, स्नायूही जवळपास धडधाकट निघे. मग माणूस मेला कशाने? १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या कार्ल वायगर्ट यांना अशाच एका रुग्णाच्या छातीत थायमसची गाठ सापडली. गाठ आणि थकणारे स्नायू यांचा संबंध काय, हे त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. तेव्हा थायमस कशासाठी असते हेच कुणाला माहीत नव्हतं.

त्या अज्ञानाची मोठी किंमत लहान मुलांनी मोजली. शरीरशास्त्राच्या शिक्षणासाठी जी प्रेतं मिळत ती बहुतेक गरिबांची, दीर्घ आजाराने आणि उपासमारीने झिजून मेलेल्यांची असत. उपासमार, ताप किंवा दीर्घ आजार आला की शरीरात स्टेरॉइड संप्रेरकं वाढतात आणि थायमसमधल्या पेशी झपाट्याने मरून ग्रंथी आक्रसते. डॉक्टरांनी ती आक्रसलेली ग्रंथीच नेहमीच्या मापाची मानली. मग एखादं गुटगुटीत बाळ अचानक दगावलं आणि त्याच्या छातीत भरलेली थायमस दिसली, की तिनेच श्वास दाबला असा निष्कर्ष निघे. खरं तर ती निरोगी बाळाची निरोगी ग्रंथी होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, मुख्यतः अमेरिकेत, हजारो बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून ही ग्रंथी लहान केली गेली. त्यातल्या कित्येकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. १९५० मध्ये डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी हा संबंध दाखवला. तोवर एका न कळलेल्या पेशीमरणाने मुलांच्या एका पिढीला इजा केली होती.

उपचाराचा पहिला खरा धागा हाती आला तो १९३४ मध्ये. तोही नामांकित संस्थेत सापडला नाही. लंडनच्या ग्रिनिच भागात सेंट अल्फेज नावाचं गोरगरिबांचं रुग्णालय होतं. तिथे मेरी ब्रॉडफुट वॉकर नावाची स्कॉटिश डॉक्टर साहाय्यक पदावर काम करत होती. क्वीन स्क्वेअरच्या प्रसिद्ध मज्जारोग रुग्णालयातून आलेले डेरेक डेनी-ब्राउन बोलण्याच्या ओघात म्हणाले, की या रोग्यांची अवस्था क्युरारे विष दिलेल्या माणसासारखी दिसते. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींचं बाणांचं विष. वॉकर यांनी पुढचा विचार स्वतः केला: क्युरारेवर उतारा म्हणून फायसोस्टिग्मिन चालतं, तर ते इथे का चालू नये? हे औषध पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबार शेंगेच्या बियांतून निघतं, आणि मूळचं तेही विषच. त्यांनी एका रुग्ण बाईला त्याचं इंजेक्शन दिलं. तासाभराच्या आत तिची पडलेली पापणी वर आली आणि तिला नीट गिळता येऊ लागलं. काही तासांनी परिणाम ओसरला, पण इंजेक्शन दिलं की तो पुन्हा दिसे. २ जून १९३४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये वॉकर यांचं छोटंसं पत्र छापून आलं.

वऱ्हाडातल्या वाचकाने इथे क्षणभर थांबावं. वॉकर यांनी दिलेलं औषध जे विकर थांबवतं, तेच विकर कपाशीवरची कीटकनाशकंही थांबवतात. औषधाची पकड हलकी असते आणि काही तासांत सुटते. फवाऱ्यातल्या विषाची पकड सुटता सुटत नाही. आज मायस्थेनियाचा रुग्ण दिवसातून तीन-चार वेळा पायरिडोस्टिग्मिनची गोळी घेतो ती याच घराण्यातली. डोस जास्त झाला तर त्याच्याही तोंडाला लाळ सुटते, पोटात मुरडा येतो आणि स्नायू फडफडतात. नाग चावलेल्या माणसाला सर्पविषावरच्या उताऱ्यासोबत अ‍ॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन देतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. नागाचं विष ग्राहक अडवतं. विकर थांबवून रसायन वाढवलं की त्या अडथळ्यातून थोडी वाट निघते. मण्यारीच्या दंशात मज्जातंतूचं टोकच उद्ध्वस्त झालेलं असतं, म्हणून तिथे हा उपाय फारसा चालत नाही. मेरी वॉकर यांचं श्रेय मात्र त्यांच्या हयातीत तोलामोलाने कधीच मानलं गेलं नाही. त्या बड्या रुग्णालयातल्या नव्हत्या आणि बाई होत्या, याखेरीज त्याला दुसरं कारण दिसत नाही.

दोनच वर्षांनी ही कथा पुन्हा थायमसकडे वळली. २६ मे १९३६ रोजी अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी मायस्थेनिया असलेल्या एका तरुणीच्या छातीतून थायमसची गाठ काढली. ती सुधारली. पुढे जॉन्स हॉपकिन्सला गेल्यावर ब्लॅलॉक यांनी गाठ नसलेल्या रुग्णांचीही थायमस काढायला सुरुवात केली. लंडनमध्ये जेफ्री कीन्स यांनी १९४२ पासून अशा दोनशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. त्यांचे रुग्ण बरे होत होते. परंतु १९५० मध्ये मेयो क्लिनिकच्या ईटन आणि क्लॅगेट यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांची न झालेल्यांशी तुलना केली, तेव्हा त्यांना फारसा फरक दिसला नाही. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर वाद पेटला. कुणाचंच चुकलं म्हणता येत नव्हतं, कारण दोन्ही बाजूंचे रुग्ण सारखे नव्हते आणि ग्रंथी का काढायची याचं उत्तर कुणाजवळच नव्हतं.

ते उत्तर उंदरांनी दिलं. १९६१ मध्ये लंडनमध्ये जॅक मिलर हा तिशीतला शास्त्रज्ञ उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होता. त्याने नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस काढली. पिल्लं खंगू लागली, साध्या संसर्गाने मरू लागली. दुसऱ्या उंदराची, अगदी घुशीच्या जातीतल्या प्राण्याची कातडी लावली तरी ती त्यांच्या अंगावर टिकली. म्हणजे परकं ओळखून झिडकारण्याची ताकद या ग्रंथीतून येते. तोपर्यंत बड्या शास्त्रज्ञांचं मत होतं, की थायमस हे पांढऱ्या पेशींचं निव्वळ स्मशान आहे. त्या मताला आधारही होता. तिथे अफाट पेशी जन्मतात आणि बाहेर पडतात त्या मूठभर. बाकीच्या तिथल्या तिथे मरतात. मरण डोळ्यांसमोर होतं, पण त्यालाच काम म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

कपाशी किंवा ज्वारी पेरणारा माणूस ते चटकन समजू शकतो. तो बी जास्त टाकतो आणि रोपं वर आली की विरळणी करतो. थायमसची विरळणी मात्र फार कठोर असते. इथे तयार होणाऱ्या टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी शंभरातल्या जेमतेम दोन-चार जिवंत बाहेर पडतात. ज्यांना काहीच ओळखता येत नाही त्या उपेक्षेने मरतात. ज्या स्वतःच्याच शरीराच्या घटकांना शत्रू समजून घट्ट पकडतात त्यांना मरणाचा हुकूम मिळतो. या शिस्तशीर मरणाला १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन केर आणि स्कॉटलंडचे अँड्र्यू वायली व अ‍ॅलिस्टर करी यांनी अ‍ॅपॉप्टोसिस हे नाव दिलं. अशी पेशी फुटत नाही आणि आजूबाजूला दाह होत नाही. ती आवळत जाते, आपला डीएनए ठरावीक मापाच्या तुकड्यांत कापते, आणि शेजारच्या पेशी तिला गिळून टाकतात. वायलींनी १९८० मध्ये हे तुकडे दाखवले ते थायमसच्याच पेशी स्टेरॉइडने मारून. आक्रसलेल्या ग्रंथीचं कोडं, ज्यापायी बाळांवर क्ष-किरण सोडले गेले, ते त्या प्रयोगात उलगडलं.

दरम्यान शरीर स्वतःवरच उलटतं का, हा प्रश्न स्कॉटलंडच्या जॉन सिम्पसन यांनी १९६० मध्येच विचारला होता. मायस्थेनियाच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना इतर स्वयंप्रतिकार आजारही आढळतात, यावरून त्यांनी अंदाज बांधला, की स्नायूवरच्या ग्राहकाविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवत असावं. सिद्ध करायला तो ग्राहक हाती यायला हवा होता, आणि इतका सूक्ष्म घटक पकडायचा कशाने?

तो पकडून दिला मण्यारीने. तैवानमधले चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये तिथल्या पट्टेरी मण्यारीच्या विषातून अल्फा-बुंगारोटॉक्सिन वेगळं केलं. हे विष असिटिलकोलिनच्या ग्राहकाला असं चिकटतं की सुटत नाही. त्याला किरणोत्सारी खूण लावली की स्नायूवर किती ग्राहक आहेत ते मोजता येतं. १९७३ मध्ये बाल्टिमोरच्या फॅम्ब्रो, ड्राखमन आणि सत्यमूर्ती यांनी मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंचे तुकडे या विषाने तपासले. निरोगी माणसाच्या तुलनेत तिथे ग्राहक एक तृतीयांशाहूनही कमी होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या साल्क संस्थेत जिम पॅट्रिक आणि जॉन लिंडस्ट्रॉम यांनी विजेच्या ईल माशातून काढलेले ग्राहक सशांना टोचले. सशांनी त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली आणि ते लुळे पडले. मायस्थेनियावरचं औषध देताच ते थोडा वेळ उठून उभे राहिले. दोन वर्षांनी क्लाउस टॉयका यांनी रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांत सोडून तोच आजार उतरवला. सिम्पसन यांचा अंदाज खरा ठरला होता. सापाच्या ज्या कुळाने खेड्यापाड्यातले इतके जीव घेतले, त्याच्याच विषाने या रुग्णांच्या आजाराचा ठावठिकाणा सांगितला. विज्ञानाच्या इतिहासातलं हे पान शाळेच्या पुस्तकात यायला हवं.

आता दोन टोकं जुळली. थायमसमध्ये स्नायूसारख्या मोजक्या पेशी असतात आणि त्यांच्यावर तोच ग्राहक असतो. तो ओळखणाऱ्या पेशींना तिथेच मरण यावं, ही नेहमीची रीत. मायस्थेनियाच्या बहुतेक तरुण रुग्णांत ही ग्रंथी मोठी झालेली सापडते, आणि एरवी लसिकाग्रंथीत दिसणारी प्रतिपिंड-कारखान्यांची केंद्रं तिच्या आत भरलेली असतात. तिथल्या पेशींत मरण टाळणारं बीसीएल-२ हे प्रथिन आढळतं. फ्रान्समध्ये सोनिया बेरी-अकनिन यांच्या गटाने फास या मरणाचा निरोप देणाऱ्या खुणेतही बिघाड दाखवला. दहा-पंधरा टक्के रुग्णांत थायमसची गाठच असते. त्या गाठीत चाळणीची शेवटची पायरी, म्हणजे स्वतःवर उलटणाऱ्या पेशींना संपवणारा भाग, बहुधा तयारच होत नाही, आणि न चाळलेल्या पेशी रक्तात जातात. जिथे मरायला हवं तिथे पेशी मरत नाहीत. शिक्षा भोगतो तो दूर पापणीतला, जबड्यातला, छातीतला स्नायू. पण तो स्नायू मरत नाही, त्याचे ग्राहक तेवढे जातात. योग्य उपचार झाले तर माणूस पुन्हा उभा राहतो, तो यामुळेच.

महाराष्ट्राला या आजाराचं नाव कळलं ते एका नटामुळे. ‘कुली’ चित्रपटाच्या चित्रीकरणातल्या अपघातातून १९८२ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात मरणाच्या दारातून परतलेल्या अमिताभ बच्चन यांना १९८४ मध्ये मायस्थेनिया ग्रॅव्हिस असल्याचं निदान झालं. त्यांनी ते कधी लपवलं नाही. पुढे औषधांच्या आधाराने त्यांनी चार दशकं काम केलं, ही गोष्ट रुग्णाला धीर द्यायला पुरेशी आहे. पातूरच्या शेतमजुराची वाट तितकी सोपी नव्हती. अमरावतीला पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये निघालं, अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये. त्याआधी मोठ्या आजारासाठी बहुधा अडीचशे किलोमीटरवरच्या नागपूरची गाडी धरावी लागे.

आणि शस्त्रक्रियेचा वाद? तो ब्लॅलॉक यांच्यानंतर ऐंशी वर्षांनी मिटला. २००० मध्ये ग्रोनसेथ आणि बॅरन यांनी तोवरचे सगळे अभ्यास तपासून सांगितलं, की फायदा दिसतो पण पुरावा पक्का नाही. ब्रिटिश मज्जारोगतज्ज्ञ जॉन न्यूसम-डेव्हिस यांनी मग देशोदेशींच्या डॉक्टरांना एकत्र आणून चाचणी उभी केली. २००७ मध्ये रोमानियात रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला, काम इतरांनी पुढे नेलं. निकाल २०१६ मध्ये आला. गाठ नसलेल्या १२६ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांची थायमस काढून प्रेडनिसोन हे स्टेरॉइड दिलं गेलं, बाकीच्यांना नुसतं प्रेडनिसोन. तीन वर्षांच्या सरासरीत शस्त्रक्रिया झालेल्यांची ताकद जास्त होती. त्यांना दिवसाआड सरासरी ४४ मिलिग्रॅम औषध पुरलं, इतरांना ६० लागलं. ज्यांच्या रक्तात ग्राहकविरोधी प्रतिपिंडं आहेत त्यांच्यासाठी हा निकाल आहे. २००१ मध्ये सापडलेल्या मस्क नावाच्या दुसऱ्याच प्रतिपिंडांच्या रुग्णांना ग्रंथी काढून तसा लाभ दिसत नाही. ऐंशी वर्षं हजारो रुग्ण विश्वासावर टेबलावर झोपले. तुलना नीट करायची ठरवली असती तर हे उत्तर त्यांच्या हयातीतच मिळालं असतं, असं म्हणण्यावाचून गत्यंतर नाही.

पातूर, बाळापूर किंवा बार्शीटाकळीच्या एखाद्या घरात कुणाची पापणी रोज संध्याकाळी पडत असेल, एकाचे दोन दिसत असतील, बोलता बोलता आवाज नाकातून येत असेल, तर चष्म्याचा नंबर बदलत आणि ताकदीची सलाइन लावत महिने घालवू नका. मज्जारोगतज्ज्ञाला दाखवा, प्रतिपिंडांची रक्ततपासणी करा आणि थायमस पाहण्यासाठी छातीचा सीटी स्कॅन करून घ्या. निदान झालेलं असेल तर आजाराचं नाव कागदावर लिहून खिशात ठेवा आणि साध्या तापासाठी गेलात तरी तो कागद डॉक्टरांपुढे धरा. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम यांनी हा आजार एकाएकी बळावू शकतो. गिळताना ठसका लागू लागला किंवा एका दमात वीसपर्यंत मोजता येईना, तर सकाळची वाट न पाहता व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात जा.